ब्रेल एम्बॉसर लावताना: मराठी मजकूर बोटाला बरोबर लागेपर्यंत

गणपतीच्या आधी आम्ही आरत्यांच्या तीस प्रती छापल्या. मजकुराची फाइल एका छापखान्यातून आली होती. पडद्यावर मराठी सुबक दिसत होतं, एम्बॉसर, म्हणजे कागदावर ब्रेलचे ठिपके उठवणारं मशीन, न अडखळता चालला, ठिपकेही टपोरे उठले. संध्याकाळी नौपाड्यातल्या आमच्या तळमजल्याच्या खोलीत काका आले. आमचं सगळं ब्रेल तेच वाचून तपासतात. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट फिरवलं, मागे आणलं, पुन्हा फिरवलं आणि म्हणाले, "ताई, ठिपके छान आहेत. पण यात मराठी नाहीये."

तीसच्या तीस प्रती रद्दीत गेल्या. मशीन ठणठणीत होतं, चूक फाइलमध्ये होती आणि मी ती डोळ्यांनी तपासली होती. तेव्हापासून नवीन एम्बॉसर लावायचा असो की जुन्यावर नवीन काम घ्यायचं असो, मी एकच क्रम पाळते. मजकूर, सॉफ्टवेअरमधला ब्रेल तक्ता (कुठल्या अक्षराला कुठले ठिपके ते ठरवणारी यादी) आणि मशिनच्या पॅनेलवरची सेटिंग ही तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. जुळली की नाही, ते ब्रेल वाचणारं बोटच सांगतं. ठाणे-नवी मुंबईत एखादी शाळा, वाचनालय किंवा घरातलं कुणी हे मशीन घेत असेल, तर हा क्रम उपयोगी पडावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

जागा आणि वीज

साध्या प्रिंटरमध्ये शाई कागदावर बसते, एम्बॉसरमध्ये पिना कागदावर आपटतात. त्यामुळे मशीन हादरतं आणि मोठा आवाज करतं. घडीचं प्लास्टिक टेबल चालणार नाही. जड लाकडी किंवा लोखंडी टेबल घ्या, पायांखाली रबराचे तुकडे द्या आणि टेबल भिंतीला चिकटवू नका, नाहीतर शेजारच्या घरात भिंत वाजते. आम्ही दुपारी २ ते ४ छपाई बंदच ठेवतो. सोसायटीतल्या लोकांना ते आधीच सांगून ठेवलं, त्यामुळे तक्रार कधी आली नाही. मशिनजवळ तासन् तास बसणाऱ्याने कानात बोळे घालावेत.

खोक्यातून मशीन काढल्यावर वाहतुकीसाठी लावलेले फोम, पट्ट्या किंवा स्क्रू राहिले नाहीत ना, हे माहितीपुस्तिका हातात घेऊन पाहा. ते तसेच ठेवून मशीन सुरू केलं तर पहिल्याच मिनिटाला यंत्रणा अडकते. प्लग अर्थिंग असलेल्या स्वतंत्र सॉकेटमध्ये लावा. पंखा, चार्जर, राउटर अशी गर्दी असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका. पिना एकदम उठतात तेव्हा मशीन झटक्यात जास्त वीज ओढतं. यूपीएस घ्यायचा तर मशिनच्या मागे लिहिलेले वॅट पाहून, त्यापेक्षा ऐसपैस क्षमतेचा घ्या.

कागद

इथे बहुतेक जण काटकसर करतात आणि इथेच काम बिघडतं. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन तितके ग्रॅम) असतो. त्यावर पिना आपटल्या की ठिपका उठण्याऐवजी भोक पडतं, आणि जो उठतो तो दोन वाचनांत बसून जातो. ब्रेलसाठी साधारण १२० ते १६० जीएसएमचा कागद लागतो. कागदवाल्याकडे "ब्रेल पेपर" म्हटलं तर तो गोंधळेल. १२० किंवा १४० जीएसएमचा मॅपलिथो किंवा कार्ट्रिज पेपर मागा. मापात कापून घ्या आणि कापताना कडा एकसारख्या येतात का ते तिथेच गठ्ठा टेबलावर ठोकून पाहा. कडा तिरकी असेल तर मशीन कागद तिरका ओढतं. पूर्ण रीम घेण्याआधी दहा कागद आणून छापून बघा.

कागद देण्याच्या दोन पद्धती असतात. काही मशीन सुटे कागद घेतात. काहींना दोन्ही कडांना भोकं असलेला, पंख्यासारखा घडी केलेला सलग कागद लागतो. मोठी पुस्तकं छापायची असतील तर मी सलग कागदाचं मशीन सुचवेन, कारण शंभर पानं लागतात तेव्हा दर मिनिटाला कागद भरत बसणं जमत नाही. शाळेत रोजची पाच-दहा पानं छापायची तर सुट्या कागदाचं मशीन बरं, ए-४ कुठेही मिळतो. सलग कागदाचा गठ्ठा मशिनच्या बरोबर मागे, सरळ रेषेत ठेवा. तो हातभर बाजूला सरकला तरी वीस-पंचवीस पानांनंतर भोकं फाटायला लागतात.

आता आपल्याकडचा पावसाळा. ठाण्याला खाडी, वाशी-ऐरोलीला खाडी. जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा कागदात शिरतो आणि ओलसर कागदावरचा ठिपका मऊ उठतो. काका त्याला "पुळचट ठिपका" म्हणतात. कागद घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. लागेल तेवढाच बाहेर काढा. खोलीत एसी असेल तर छपाईच्या आदल्या रात्री कागद त्याच खोलीत राहू द्या. छापून झालेली पानं पंख्याखाली अर्धा तास मोकळी ठेवून मगच गठ्ठा करा.

पानावर किती मावतं, ते आधी मोजा

ब्रेलमध्ये अक्षराचा आकार लहान-मोठा करता येत नाही, बोटाच्या टोकाएवढाच सेल, म्हणजे सहा ठिपक्यांची चौकट, लागतो. एका सेलपासून पुढचा सेल साधारण ६ मिलिमीटरवर, एका ओळीपासून पुढची ओळ १० मिलिमीटरवर. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद, म्हणजे ३५ सेल. त्यातून बांधणीसाठी डावीकडे २० मिलिमीटर आणि उजवीकडे थोडी जागा सोडली की ३० उरतात. उंची २९७ मिलिमीटर. वर-खाली समास सोडला की २७ ओळी येतात. ए-४ साठी ३० सेल आणि २७ ओळी हे माप धरून चाला. साडेअकरा इंच रुंद आणि अकरा इंच उंच या मोठ्या मापाच्या कागदावर ४० सेल आणि २५ ओळी असतात, आणि बहुतेक सॉफ्टवेअर न विचारता हेच माप धरून बसतं.

म्हणून हे दोन आकडे सॉफ्टवेअरमध्येही टाका आणि मशिनच्या पॅनेलवरही. सॉफ्टवेअरमध्ये ४० आणि मशिनमध्ये ३० असेल, तर प्रत्येक ओळीचे शेवटचे दहा सेल खालच्या ओळीत जाऊन पडतात. पानभर एक लांब ओळ, एक तुटकी ओळ, असं दिसलं की दुसरं काही शोधू नका, हेच कारण असतं.

सलग कागदाच्या मशिनमध्ये आणखी एक आकडा असतो: पानाची लांबी. कागद बारा इंची आणि मशिनमध्ये अकरा इंच असेल, तर पहिलं पान ठीक येईल. दुसरं एक इंच वर सरकेल, तिसरं दोन इंच, आणि मजकूर फाडायच्या रेषेवर चढेल. कागद भरताना ती रेषा पुस्तिकेत दाखवलेल्या खुणेशी जुळवा आणि "टॉप ऑफ फॉर्म" (पान जिथून सुरू होतं ती जागा) तिथे बसवा.

पॅनेलवर आणखी पाच गोष्टी पाहा. बऱ्याच एम्बॉसरची बटणं बोलतात आणि त्यांवर ब्रेल असतं, त्यामुळे हे काम वाचकाला स्वतःलाही करता येतं, त्यालाच करू द्या. सहा ठिपक्यांचं ब्रेल निवडलेलं असावं, आठचं नको. "वर्ड रॅप" बंद ठेवा, कारण ओळी सॉफ्टवेअर तोडतं. "ऑटो लाइन फीड" बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ सुटते. पान क्रमांक एक तर सॉफ्टवेअरने टाकावा किंवा मशीनने, दोघांनी टाकला की वाचक चक्रावतो. ज्या मशिनमध्ये ब्रेल तक्ता आतच असतो, तिथे त्याचं रूपांतर बंद करून साधं ब्रेल ठेवा. सॉफ्टवेअरने एकदा ब्रेल केलेलं मशीनने पुन्हा ब्रेल केलं तर काहीच हाती लागत नाही.

पहिली चाचणी: ढ

ड्रायव्हर आधी टाका आणि यूएसबी केबल इन्स्टॉलर सांगेल तेव्हाच लावा. खास ड्रायव्हर मिळत नसेल तर विंडोजमधला "जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली" हा प्रिंटर अनेकदा काम भागवतो. एम्बॉसरला कच्चा मजकूर गेला की पुरतं.

आता नोटपॅडमध्ये "=" हे चिन्ह तीस वेळा टाइप करा, अशा दहा ओळी करा आणि छापा. ब्रेलच्या संगणकी लिपीत या चिन्हाचे सहाच्या सहा ठिपके उठतात. योगायोग असा, की भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, हेच सहा ठिपके म्हणजे ढ. पानभर ढ छापला की प्रत्येक पिनेची परीक्षा होते. हे पान उजेडात तिरकं धरा आणि मग बोटाने वाचा. एकच ठिपका प्रत्येक ओळीत त्याच उभ्या रेषेत गायब असेल तर ती पिन किंवा तिथला धुरळा बघा. ठिपके कुठेही, अनियमितपणे मऊ असतील तर दोष कागदाचा. भोकं पडत असतील तर आघाताची ताकद एक पायरी कमी करा. हे पान तारीख टाकून फाइलला लावून ठेवा. सहा महिन्यांनी मशीन थकलंय असं वाटलं तर ताजं पान काढून दोन्हींवरून बोट फिरवा.

मजकूर: पडद्यावर दिसतं ते मराठी असेलच असं नाही

आमच्या आरत्यांचा घात इथे झाला. मराठी छापखान्यांमध्ये आजही कितीतरी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतो. तिथे फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचं रूप देतो. ब्रेलच्या सॉफ्टवेअरला फॉन्ट दिसत नाही, त्याला ती इंग्रजी अक्षरंच दिसतात.

ओळखायची पद्धत सोपी आहे. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका आणि तिथला फॉन्ट मंगल किंवा निर्मला ठेवा. मराठी दिसली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर आधी त्या फॉन्टचा कन्व्हर्टर चालवा, नंतर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी नीट वाचून काढा. कन्व्हर्टर नेमका तिथेच चुकतो. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) लागेल. मराठीसाठी तो बऱ्यापैकी चालतो, पण प्रूफ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वर्डमध्ये शीर्षकांना "हेडिंग" ही स्टाइल द्या, ठळक करून मोठं करू नका, कारण ब्रेलला फॉन्टचा आकार कळत नाही. परिच्छेदांमध्ये कोरी ओळ सोडू नका. ब्रेलमध्ये परिच्छेद दोन सेल आत सुरू होतो. स्पेसबार दाबून केलेले रकाने मोडा. चार रकान्यांचा तक्ता तीस सेलमध्ये मावत नाही, त्याची ओळीओळींनी मांडणी करा: "सोमवार, गणित, सकाळी ९". चित्रांच्या जागी दोन वाक्यांत वर्णन लिहा. छापील एका पानाची ब्रेलमध्ये साधारण अडीच-तीन पानं होतात, तेव्हा कागदाचा हिशेब आधीच करा. पाठ्यपुस्तकं किंवा कथांचं ब्रेल करताना कायद्याची भीती वाटत असेल तर सांगते: २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात दृष्टिहीन वाचकांसाठी वाचता येण्याजोगी प्रत करायला सवलत आहे.

ब्रेल तक्ता: ठाणे हा शब्द धरून

सॉफ्टवेअरमध्ये डक्सबरी हे विकतचं आणि जुनं, तर साओ माय ब्रेल हे व्हिएतनाममधल्या दृष्टिहीनांच्या केंद्राने केलेलं मोफत. सुरुवात मोफत सॉफ्टवेअरने करा. त्यात ब्रेल तक्ता "टेबल" या नावाने दिसतो. तिथे मराठी, ग्रेड १ (संक्षेप नसलेलं ब्रेल) निवडा. हिंदीचा तक्ता बहुतेक अक्षरं बरोबर देतो म्हणून लोक तोच ठेवतात, पण आपण आपलाच ठेवावा. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल १९५१ साली ठरलं, म्हणून लिपी वेगळ्या असल्या तरी क सगळीकडे १-३ ठिपक्यांचाच (सेलमध्ये डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६).

ब्रेलमध्ये रूपांतर झालं की छापण्याआधी बीआरएफ फाइल (ब्रेल झालेल्या मजकुराची फाइल) नोटपॅडमध्ये उघडा. ब्रेल न येणाऱ्यालाही इथे एक पडताळणी करता येते. "ठाणे" या शब्दात ठ म्हणजे २-४-५-६, आ म्हणजे ३-४-५, ण म्हणजे ३-४-५-६ आणि ए म्हणजे १-५. मात्रा आणि स्वर यांना ब्रेलमध्ये एकच खूण असते आणि ती व्यंजनानंतर येते. त्या फाइलमध्ये हा शब्द असा दिसला पाहिजे: डब्ल्यू, मग > हे चिन्ह, मग #, मग ई. अशी चारच अक्षरं असली तर रूपांतर बरोबर. मी प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत "ठाणे" लिहून ठेवते आणि छापायच्या वेळी काढते.

जोडाक्षरात हलन्ताची खूण, म्हणजे एकटा ४ क्रमांकाचा ठिपका, अर्ध्या अक्षराच्या आधी येतो. "महाराष्ट्र" बोटाला असा लागतो: म, ह, आ, र, आ, हलन्त, ष, हलन्त, ट, र. मात्र क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र एकेक सेल आहे. पहिल्या चाचणीत हे शब्द मुद्दाम घाला: महाराष्ट्र, ज्ञानेश्वर, लक्ष्मी, दुःख, अंधार, आई, ऑफिस, बॅट, बाळ, सुऱ्या. "सुऱ्या"मधला ऱ्य काही जुन्या फाइलींत न दिसणारं जोडचिन्ह वापरून लिहिलेला असतो. तक्त्याला ते ओळखता आलं नाही तर अक्षराच्या जागी त्याचा कोड छापला जाऊ शकतो. असं दिसलं तर शब्द पुसून आजच्या कीबोर्डने पुन्हा टाइप करा.

आता आकडे. यावर मी दोन दिवस घालवले आहेत. ब्रेलमध्ये आकड्यांना वेगळी अक्षरं नाहीत. आधी अंकचिन्ह येतं, मग इंग्रजी ए ते जे याच खुणा १ ते ० होतात. आणि हे अंकचिन्ह म्हणजे ३-४-५-६, म्हणजेच आपला ण. वाचक संदर्भाने ओळखतो, त्याला अडचण नसते. अडचण येते पत्त्यात. "सेक्टर ९ए, वाशी" असं सलग लिहिलं आणि तक्त्याने मध्ये खूण टाकली नाही, तर ए म्हणजे १-५ आणि ५ चा आकडाही १-५, म्हणून वाचणारा ९५ वाचतो. "१२ब" हा १२२ होतो. आमंत्रणपत्रिका छापताना हे लक्षात आलं नसतं तर माणसं कुठे जाऊन पोचली असती, याची मला आजही धास्ती वाटते. म्हणून "९-ए", "१२-ब" असं लिहा आणि छापलेलं वाचून घ्या.

मराठी मजकुरातले इंग्रजी शब्द शक्यतो देवनागरीत लिहा. रोमन अक्षरं मराठी तक्त्यातून गेली तर आर आणि र एकाच सेलवर येतात, वाचकाला शब्द मराठी की इंग्रजी ते कळत नाही. लांब इंग्रजी उतारा असेल तर तेवढ्या भागाला इंग्रजीचा तक्ता लावा आणि आधी एक ओळ मोकळी सोडा.

दोन्ही बाजूंची छपाई

दोन्ही बाजूंना छापल्याने कागद अर्धा लागतो. मागच्या बाजूचे ठिपके पुढच्या ठिपक्यांच्या मधल्या जागेत बसतात. त्यासाठी कागदाची कडा सरळ हवी. जराशी चूक झाली की मागचा ठिपका पुढच्यावर आदळतो आणि दोन्ही मरतात. पहिला महिना एकाच बाजूने छापा. दोन्ही बाजूंना छापताना बांधणीचा समास विषम पानावर डावीकडे आणि सम पानावर उजवीकडे येतो का, ते चार पानांची पुस्तिका करून पाहा. नुकतंच ब्रेल शिकणाऱ्या मुलांसाठी मी एकाच बाजूने छापते. त्यांची बोटं अजून मागच्या खळग्यांत अडखळतात.

बोटाची तपासणी

एकच प्रत छापा आणि ब्रेल वाचणाऱ्याच्या हातात द्या. शेजारी बसा, मूळ मजकूर समोर ठेवा आणि त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. मध्ये बोलू नका, शब्द सुचवू नका. आपण शब्द सुचवला की चूक झाकली जाते. बोट जिथे थांबतं तिथे पेन्सिलने खूण करा. काका सुरुवातीला दर पानाला दहा-बारा ठिकाणी थांबायचे, आता एखाद्या ठिकाणी थांबतात.

खुणांकडे पाहून चूक कुठली ते ठरवता येतं. एकच अक्षर सगळीकडे चुकत असेल तर तक्ता किंवा फाइल. एकाच जागचा ठिपका सगळ्या ओळींत चुकत असेल तर पिन. ओळी वेड्यावाकड्या तुटत असतील तर सेलचे आकडे. दुरुस्ती एका वेळी एकच करा आणि तेच पान पुन्हा छापा. दोन सेटिंग एकदम बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही. सगळं जमलं की पॅनेलवरचे आकडे वहीत लिहून मशिनशेजारी टांगा, एक प्रत ब्रेलमध्येही काढा. वीज गेल्यावर किंवा कुणी चुकून बटण दाबल्यावर तीच वही कामाला येते.

छापलेली पानं एकावर एक रचून वर वजन ठेवू नका. स्पायरल बांधणी करा, म्हणजे पुस्तक सपाट उघडतं आणि दोन्ही हात वाचायला मोकळे राहतात. बांधणीवाल्याला आधीच सांगा, की कागद दाबायच्या यंत्रात घालायचा नाही. आमच्या पहिल्या पुस्तकाचे ठिपके तिथेच चपटे झाले होते. तयार पुस्तकं कपाटात उभी ठेवा, दाटीवाटीने कोंबू नका, आणि पावसाळ्यात त्याच कपाटात सिलिका जेलच्या पुड्या दर पंधरा दिवसांनी बदला.